पर्यवेक्षकांसाठीचे सांस्कृतिक विविधतेचे प्रशिक्षण: पैसे कुठे वसूल झाले आणि कुठे नाहीत

चाकण, तळेगाव आणि रांजणगाव या औद्योगिक पट्ट्यात अलीकडे एका सेवेला बरीच मागणी आली आहे. वेगवेगळ्या प्रांतांतून आणि देशांतून आलेल्या कर्मचाऱ्यांकडून काम कसे करून घ्यावे, याचे प्रशिक्षण देणाऱ्या सल्लागार संस्था कारखान्यांशी संपर्क साधतात आणि सर्वेक्षण, कार्यशाळा, माहितीपुस्तिका व पाठपुरावा असे एकत्रित पॅकेज देऊ करतात. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या मध्यम आकाराच्या कारखान्याने असे एक पॅकेज घेतले. मनुष्यबळ विभागाची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे संस्थेच्या निवडीपासून शेवटच्या पाठपुराव्यापर्यंतचा सगळा व्यवहार मी जवळून पाहिला. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण जवळपास याच साच्याचे पॅकेज अनेक जण विकतात आणि ते घेण्यापूर्वी काय तपासावे, हे वाचकाला सांगणे मला अधिक गरजेचे वाटते.

पॅकेजमध्ये लाइन लीडर आणि शिफ्ट इन्चार्ज यांच्यासाठी दोन दिवसांची कार्यशाळा, तिच्या आधी एक प्रश्नावली, व्यवस्थापनासोबत अर्ध्या दिवसाची बैठक, एक पुस्तिका आणि तीन महिन्यांनी आढावा, एवढ्या गोष्टी होत्या. एका तुकडीचे शुल्क आमच्या एका लाइन लीडरच्या महिन्याच्या पगारापेक्षा बरेच जास्त होते. शिवाय इतक्या पर्यवेक्षकांना दोन दिवस लाइनवरून काढायचे म्हणजे पाळ्यांची सगळी मांडणी बदलावी लागते, आणि हा खर्च कोणत्याही कोटेशनमध्ये दिसत नाही. अशा सेवेचा हिशेब करताना तो धरलाच पाहिजे.

आमच्याकडची माणसे कोण आहेत, हे सांगितल्याशिवाय पुढचे मूल्यमापन समजणार नाही. कायम कामगार बहुतेक खेड, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतले आहेत. लाइन लीडरमध्ये डिप्लोमा करून लातूर, बीड, बुलडाणा या जिल्ह्यांतून आलेली मुले बरीच आहेत. ठेकेदारांमार्फत येणाऱ्या कामगारांत पश्चिम ओडिशातील बलांगीर आणि कालाहांडी, बिहारमधील दरभंगा आणि सिवान, पूर्व उत्तर प्रदेश व झारखंड येथील माणसे आहेत, आणि गुणवत्ता तपासणीत आसाममधून आलेल्या काही मुली आहेत. त्यावर ग्राहक कंपनीचे जपानी अभियंते अधूनमधून पाहणीला येतात आणि यंत्रांच्या जुळणीसाठी जर्मन तंत्रज्ञ काही आठवडे मुक्कामाला असतात. अशा ठिकाणी पर्यवेक्षकाला केवळ यंत्राची आणि उत्पादनाच्या उद्दिष्टाची माहिती असून भागत नाही, हे आम्हाला पुरते ठाऊक होते. म्हणूनच या प्रशिक्षणासाठी पैसे मंजूर करून घेतले होते.

पहिल्या दिवसाची सकाळ मात्र वाया गेली, असे स्पष्टपणे लिहावे लागते. प्रशिक्षकांनी गीर्ट हॉफस्टीड या डच अभ्यासकाची मांडणी पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. हॉफस्टीड यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवरून राष्ट्रीय संस्कृतींची तुलना केली. अधिकारातील अंतर लोक किती सहज स्वीकारतात, अनिश्चिततेची त्यांना किती धास्ती वाटते, व्यक्ती मोठी की समूह मोठा, अशा निकषांवर त्यांनी प्रत्येक देशाला गुण दिले. अधिकारातील अंतराच्या निकषावर भारताला ७७ आणि जर्मनीला ३५. अनिश्चितता टाळण्याच्या निकषावर जपानला ९२. व्यवस्थापनशास्त्राच्या इतिहासात या कामाला मोठे स्थान आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु हे आकडे राष्ट्रांच्या सरासरीचे आहेत, समोर उभ्या असलेल्या एका माणसाला ते लावू नयेत, असा इशारा स्वतः हॉफस्टीड यांनीच दिला होता, आणि नेमका तोच भाग प्रशिक्षकांनी सांगितला नाही. २०११ च्या जनगणनेने ज्या देशात १२१ भाषा मोजल्या, त्या देशाला एकच ७७ हा आकडा चिकटवून लातूरच्या लाइन लीडरला बलांगीरचा ऑपरेटर कसा समजणार? दोघेही त्या आकड्याच्या आतच आहेत. आमच्या कारखान्यातील बहुतेक प्रश्न भारतीय आणि परदेशी यांच्यातले नसून भारतीय आणि भारतीय यांच्यातले आहेत, हे प्रश्नावलीतून संस्थेला आधीच कळले होते. तरीही तयार स्लाइड्स तशाच दाखवल्या गेल्या. पर्यवेक्षक शांतपणे बसून होते आणि त्यातल्या अनेकांनी वहीत काहीही लिहिले नाही.

दुपारी चित्र बदलले. मुख्य प्रशिक्षिका स्वतः अनेक वर्षे कारखान्यात काम केलेल्या होत्या आणि त्यांनी वर्ग सोडून सगळ्यांना शॉप फ्लोअरवर नेले. तिथे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या एका सीएनसी यंत्रापाशी त्यांनी एका लाइन लीडरला, कालाहांडीहून आलेल्या एका ऑपरेटरला नव्या फिक्स्चरवर, म्हणजे नग धरून ठेवणाऱ्या पकडीत, जॉब (घडवायचा नग) कसा लावायचा, ते नेहमीसारखे सांगायला लावले. त्याने हिंदीत, घाईने, यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून सांगितले आणि शेवटी विचारले, ‘समझ गया ना?’ ऑपरेटरने मान डोलावली. मग बाईंनी ऑपरेटरला नम्रपणे म्हटले, ‘आता तुम्ही यांना शिकवा.’ त्याने जॉब बसवला, क्लॅम्प आवळला आणि जॉबची नेमकी जागा ठरवणाऱ्या लोकेटिंग पिनवर तो पूर्ण टेकला आहे की नाही, हे न पाहता दार लावायला हात पुढे केला. लाइन लीडर एकदम म्हणाला, ‘अरे, ते तर मी सांगितलं होतं.’ त्याने ते खरोखर सांगितले होते. पण सांगितलेल्या आठ-दहा गोष्टींमधली कोणती चुकली तर नग वाया जातो आणि हात अडकतो, हे त्यात वेगळे काढलेले नव्हते.

यानंतर त्यांनी चार पायऱ्यांची पद्धत शिकवली: आधी माणसाला निर्धास्त करून त्याला काय येते ते विचारणे, मग एकेक पायरी करून दाखवत तिच्यातला कळीचा मुद्दा आणि त्याचे कारण सांगणे, मग त्याच्याकडून करवून घेताना तोच मुद्दा त्याच्या तोंडून ऐकणे, आणि शेवटी त्याला एकट्याने काम करू देऊन मधूनमधून पाहणे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतील नवख्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी एका प्रशिक्षण कार्यक्रमात ही पद्धत घडवली गेली, युद्धानंतर ती जपानमध्ये पोहोचली आणि तिथे रुजली. ‘कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेले नाही’ हे त्या कार्यक्रमाचे ब्रीदवाक्य होते. वेगळ्या भाषेच्या माणसाला काम शिकवण्यासाठी यापेक्षा उपयोगी असे काही मी या क्षेत्रात पाहिलेले नाही. मान डोलावणे म्हणजे समजणे नव्हे, हे पर्यवेक्षकांना व्याख्यान न देता कळले. आज आमच्याकडे नव्या ऑपरेटरचा पहिला नग तपासणीला जाण्यापूर्वी तो ऑपरेटर स्वतः कळीचे मुद्दे बोलून दाखवतो, आणि त्याला हवे असेल तर त्याच्या भाषेतला जुना सहकारी शेजारी उभा असतो. पॅकेजच्या शुल्कातला मोठा भाग याच दुपारी वसूल झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक विषय असा आला, की त्यावर माझे आणि संस्थेचे मत आजही जुळत नाही. ओडिशातून आलेले कामगार अडचण बोलून दाखवत नाहीत, ही पर्यवेक्षकांची जुनी तक्रार आहे. यंत्रातून वेगळा आवाज येत असला तरी ते सांगत नाहीत, हातमोजे फाटले तरी मागत नाहीत. सहायक प्रशिक्षकाने याचा संबंध वरिष्ठांपुढे न बोलण्याच्या संस्कृतीशी जोडला आणि पर्यवेक्षकांनी मोकळे वातावरण निर्माण करावे, असा सल्ला दिला. सल्ला चांगला आहे, निदान मात्र अपुरे आहे. हे कामगार ठेकेदाराच्या मस्टरवर आहेत. त्यांना आणणारा मुकादम त्यांच्याच भागातला असतो, गावाकडे घरी दिलेली उचल त्याच्याकडून फिटायची असते, राहण्याची खोली त्याच्या नावावर असते आणि पुढच्या हंगामात परत यायचे की नाही, हेही तोच ठरवतो. अशा माणसाने लाइन लीडरकडे तक्रार केली, तर ती संध्याकाळपर्यंत मुकादमाच्या कानावर जाते. त्याचे गप्प राहणे हा त्याच्या परिस्थितीतला अगदी शहाणपणाचा निर्णय आहे. त्याच गावातला, पण आमच्या कायम पटावर आलेला कामगार युनियनच्या सभेत उभा राहून मोठ्याने बोलतो, हे मी पाहिले आहे. तेव्हा ज्याला आपण संस्कृती म्हणतो आहोत, तो कित्येकदा कराराचा आणि पैशाचा प्रश्न असतो. हे दोन वेगळे करून दाखवणे, हेच अशा प्रशिक्षकाचे पहिले काम आहे असे मी मानते, कारण एकदा संस्कृतीचे लेबल लागले, की व्यवस्थापनाने करायचे काहीच उरत नाही.

याच संदर्भात कायद्याचा उल्लेखही झाला नाही, ही मोठी उणीव आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ पासून स्वतंत्र कायदा होता, त्यात प्रवासभत्ता आणि निवासाच्या तरतुदी होत्या. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही गावी जाण्या-येण्याच्या वार्षिक प्रवासखर्चाची तरतूद आहे. दरभंग्याच्या माणसाला रजेबरोबर प्रवासखर्चाचाही हक्क असू शकतो, हे ज्या लाइन लीडरला माहीत आहे, तो त्याच्या रजेच्या अर्जाकडे उपकार म्हणून पाहत नाही.

आता ज्या भागासाठी मी ही सेवा पुन्हा घेईन, त्याकडे येते. व्यवस्थापनासोबतच्या अर्ध्या दिवसाच्या बैठकीत मुख्य प्रशिक्षिकेने आमचे मागच्या वर्षाचे रजेचे रजिस्टर, पाळ्यांचे तक्ते आणि कँटीनच्या समितीची कागदपत्रे मागवली आणि त्यावर बोट ठेवून प्रश्न विचारायला सुरुवात केली. दिवाळीनंतर दर वर्षी बिहारचे कामगार न सांगता गायब होतात, अशी शिफ्ट इन्चार्जची तक्रार होती. प्रशिक्षिकेने पंचांग मागवले. आमचा कारखाना धनत्रयोदशीला बंद होतो आणि भाऊबीज झाली की पुन्हा सुरू होतो. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला येते. बिहारच्या लोकांची छठ, म्हणजे सूर्यपूजा, चतुर्थीला सुरू होते. चतुर्थीला नहाय-खाय, पंचमीला खरना, षष्ठीला मावळत्या सूर्याला अर्घ्य आणि सप्तमीच्या पहाटे उगवत्या सूर्याला अर्घ्य, असे ते चार दिवस असतात. घरातली आई किंवा वहिनी पाण्याचा थेंबही न घेता दीड दिवसाचा उपास करते आणि प्रसादाची टोपली डोक्यावर घेऊन घाटापर्यंत जायचे काम घरच्या पुरुषाचे असते. म्हणजे ज्या दिवशी आमची सुट्टी संपते, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या माणसाचा वर्षातला सर्वांत मोठा सण सुरू होतो. आमच्या सुट्टीचा त्याला काहीच उपयोग नसतो, आणि नेमक्या त्याच्या सणाच्या दिवसांत आम्ही सगळ्या लाइन भरलेल्या असाव्यात असा आग्रह धरतो.

त्यापुढचा मुद्दा आणखी बारकाईचा होता. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेच्या आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. पुण्याहून बिहारमधील दानापूरकडे जाणाऱ्या गाड्यांची छठच्या आधीची तिकिटे खिडकी उघडताच संपतात. साठ दिवस मागे मोजले, तर भाऊबीजेच्या प्रवासाचे आरक्षण साधारण गणपती बसायच्या सुमारास उघडते. आमच्याकडे रजेचा अर्ज महिनाभर आधी द्यावा असा नियम होता आणि त्याआधी कोणी विचारले, तर पर्यवेक्षक ‘बघू’ म्हणत असे. रजा मंजूर होईपर्यंत तिकीट मिळण्याची वेळ निघून गेलेली असे. मग माणूस मिळेल त्या दिवशी, मिळेल त्या गाडीच्या जनरल डब्यात चढून निघून जाई, आणि आम्ही त्याच्या नावापुढे गैरहजेरी मांडत असू. बेशिस्त म्हणून ज्याची नोंद होत होती, ती आमच्या नियमाची आणि रेल्वेच्या वेळापत्रकाची विसंगती होती. छठच्या रजांची यादी आम्ही आता आरक्षण उघडण्यापूर्वी पक्की करतो. त्यानंतरच्या दिवाळीत न कळवता जाणाऱ्यांचे प्रमाण आधीच्या मानाने स्पष्टपणे घटले आणि परत येण्याचे दिवसही बहुतेकांनी पाळले.

ओडिशाच्या कामगारांच्या बाबतीत असाच एक उलगडा झाला. पश्चिम ओडिशात नुआखाई, म्हणजे नव्या भाताचा सण, भाद्रपद शुद्ध पंचमीला असतो. आपल्याकडे ती ऋषिपंचमी, गणेश चतुर्थीचा दुसरा दिवस. त्या दिवशी खेड-जुन्नरची मंडळी गणपतीसाठी घरी असतात आणि लाइन चालू ठेवायला हक्काचे म्हणून ओडिशाचे कामगार थांबवले जातात. कुटुंबातल्या थोरांच्या पाया पडून नवे अन्न खाण्याचा दिवस ते पाळीवर घालवत असत आणि कोणाला त्याचा पत्ताही नव्हता. आता पंचमीला त्यांना सुट्टी असते आणि गौरीपूजनाच्या दिवशी, जेव्हा आमच्या कायम कामगारांना घरी असायचे असते, तेव्हा तेच लोक आपणहून जास्तीची पाळी घेतात. याच धर्तीवर झारखंडच्या कामगारांसाठी भाद्रपद शुद्ध एकादशीचा करम, आसामच्या मुलींसाठी एप्रिलच्या मध्यातला बोहाग बिहू आणि चंद्रदर्शनावर अवलंबून असल्यामुळे दोन दिवसांचा पर्याय उघडा ठेवावा लागणारी रमजान ईद, अशी अदलाबदलीची यादी तयार झाली. दुकाने व आस्थापनांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात आठ सणाच्या सुट्ट्यांपैकी चार ठरावीक राष्ट्रीय व राज्य दिनांच्या आहेत आणि उरलेल्या चार मालक व कामगार यांनी मिळून ठरवायच्या आहेत. तो कायदा कारखान्यांना लागू नाही, पण सुट्ट्या बसून ठरवण्याची ती पद्धत कोणत्याही कारखान्याने स्वीकारायला हरकत नाही.

कँटीनचा विषय लहान वाटतो, तरी रोजचा आहे. प्रशिक्षिका दुसऱ्या पाळीच्या जेवणाला रांगेत उभ्या राहिल्या. आमच्या कँटीनचा ठेका चपातीच्या हिशेबाने दिलेला. भात शेवटी, एक मूद. पहिली तुकडी जेवून गेली, की भाताचे पातेले रिकामे होत असे आणि नंतर आलेल्या ओडिशा व आसामच्या लोकांना उरलेल्या चपात्या घ्याव्या लागत. तक्रार कधी आली नाही, कारण कँटीन समितीवर सगळे प्रतिनिधी कायम कामगारांमधले होते. कँटीनच्या कारभारात कामगारांना प्रतिनिधित्व देण्याची तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यापासून आहे; ठेक्यावरच्या कामगारांनाही तिथे बसवावे, एवढेच आम्हाला करायचे होते. आता समितीत त्यांचे दोघे आहेत आणि भाताचे प्रमाण ठेक्यातच लिहिले आहे.

आसामच्या मुलींच्या चेहरेपट्टीवरून केल्या जाणाऱ्या टिंगलीचा विषय कार्यशाळेत एका शिफ्ट इन्चार्जनेच काढला आणि ‘पोरं मजेत बोलतात, आमच्याकडे असंच बोलतात’ असे कोणीतरी मागून म्हणाले. इथे मुख्य प्रशिक्षिकेने कोणतीही तडजोड केली नाही. बोलण्याची ढब हा संस्कृतीचा भाग असू शकतो, पण दुसऱ्याला कमी लेखण्याचे समर्थन त्यातून होत नाही. आणि शेरेबाजी लैंगिक स्वरूपाची असेल, तर २०१३ च्या कायद्यानुसार ती अंतर्गत समितीकडे जाईल, हे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले. विविधतेच्या नावाखाली सगळेच समजून घ्या, असे सांगणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. त्यांच्यापेक्षा ही स्पष्टता मला फार मोलाची वाटली.

एका प्रश्नावर मात्र संस्थेची पूर्ण तयारी नव्हती आणि तो प्रश्न महाराष्ट्रातल्या कोणत्याही कारखान्यात येणारच. खेड तालुक्यातला एक जुना लाइन लीडर उभा राहून म्हणाला, ‘मॅडम, आमच्या गावातली पोरं आयटीआय करून घरी बसलीत. जमिनी आमच्या गेल्या. आणि जुळवून घ्यायचं तेही आम्हीच?’ त्याच्या आवाजात द्वेष नव्हता, दुखावलेपण होते. प्रशिक्षकांनी ‘हा विषय आपल्या कक्षेबाहेरचा आहे’ असे म्हणून पुढची स्लाइड घेतली. माझ्या मते त्या सभागृहात विचारला गेलेला तो सर्वांत प्रामाणिक प्रश्न होता आणि त्याला उत्तर आहे. कोणाला कामावर घ्यायचे, किती जणांना कायम करायचे आणि किती ठेक्यावर ठेवायचे, हे व्यवस्थापन ठरवते. यंत्रापाशी उभ्या असलेल्या सिवानच्या मुलाने ते ठरवलेले नाही. त्यालाही कायम नोकरी मिळालेली नाही. स्थानिक मुलांना घेण्याची मागणी व्यवस्थापनाकडे आग्रहाने करावी, ती रास्त आहे, आणि तिचा राग त्या मुलावर काढू नये. हे उत्तर द्यायला धैर्य लागते, कारण त्यात पैसे देणाऱ्या ग्राहकाची, म्हणजे आमची, जबाबदारी उघडपणे मांडावी लागते. संस्था तिथे मागे हटली. नंतर आमच्या कारखाना व्यवस्थापकांनी स्वतः त्या लाइन लीडरला बोलावून स्थानिक आयटीआयमधून शिकाऊ उमेदवार घेण्याबाबत चर्चा केली आणि ती प्रक्रिया आता सुरू झाली आहे.

परदेशी अभियंत्यांबरोबर काम करण्याचे सत्र थोडक्यात आटोपले आणि तेवढे पुरे होते. जपानी ग्राहकाला अडचण उशिरा कळवण्यापेक्षा अर्धवट माहिती लगेच कळवणे श्रेयस्कर, आणि कळवणे, संपर्कात राहणे व सल्ला घेणे या तिन्ही गोष्टी ‘होरेनसो’ म्हणून तिकडे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडल्या जातात, हे आमच्या गुणवत्ता विभागाला उपयोगी पडले. जर्मन तंत्रज्ञाने सर्वांसमोर ‘हे चूक आहे’ म्हटले, तर ते कामाविषयी आहे, माणसाविषयी नाही, हेही सांगितले गेले. हाच सल्ला त्या तंत्रज्ञांनाही कोणीतरी द्यायला हवा होता. पुढच्या वेळी त्यांनाही सत्रात बसवावे, अशी सूचना मी केली आहे.

पुस्तिका मात्र मी वाटू दिली नाही. तिच्यात राज्यवार कामगारांचे स्वभाव दिलेले प्रकरण होते: अमुक राज्यातले आज्ञाधारक, तमुक राज्यातले तापट, अमक्यांना लवकर राग येतो, तमक्यांना ओव्हरटाइम आवडतो. असे छापील शब्द पर्यवेक्षकाच्या हाती दिले, तर तो माणूस पाहण्याआधी यादी पाहील आणि ओव्हरटाइम कोणाला द्यायचा, बढतीसाठी कोणाचे नाव सुचवायचे, हे त्या यादीवरून ठरवील. सकाळी दाखवलेल्या राष्ट्रांच्या आकड्यांपेक्षा हे अधिक घातक आहे, कारण ते आकडे तरी प्रश्नावल्यांवर आधारलेले होते. त्याच पुस्तिकेतल्या सणांच्या तक्त्यात छठ एकाच दिवसाची दाखवली होती आणि नुआखाई व करम यांचा पत्ताच नव्हता. ज्या बाईंनी आमचे रजिस्टर इतक्या बारकाईने वाचले, त्यांच्याच संस्थेने हा मजकूर छापावा, याचे मला मनापासून वाईट वाटले, आणि तसे मी त्यांना लेखी कळवले. तीन महिन्यांनंतरचा आढावा म्हणजे एक दूरध्वनी आणि समाधान किती, याचा एक गुणतक्ता एवढाच झाला. त्यासाठी वेगळे पैसे आकारणे योग्य नाही.

असे प्रशिक्षण घेऊ पाहणाऱ्या कारखान्यांनी संस्थेला पहिल्याच भेटीत विचारावे, की तुम्ही आमचे रजेचे रजिस्टर, पाळ्यांचे तक्ते आणि ठेकेदारांचे करार पाहणार आहात का. जी संस्था स्लाइड्सची यादी पाठवते आणि कागद मागत नाही, तिच्यावर पैसे घालवू नयेत. जिथे बहुतेक माणसे कार्यालयातली आहेत आणि सहकारी परदेशात बसलेले आहेत, तिथे राष्ट्रीय संस्कृतींची मांडणी थोडीफार कामाला येईल. शॉप फ्लोअरसाठी तिचा उपयोग नाही.

आम्ही याच संस्थेला दुसऱ्या तुकडीसाठी बोलावले आहे आणि अटी करारात लिहून घेतल्या आहेत. पहिली सकाळ वगळायची, पुस्तिकेतले स्वभावांचे प्रकरण काढायचे, कायद्याचे एक सत्र ठेवायचे, आणि ठेकेदारांचे मुकादम पर्यवेक्षकांच्या शेजारी वर्गात बसवायचे, कारण कामगाराच्या रजेचा आणि उचलीचा खरा निर्णय त्यांच्या हातात असतो. कार्यशाळेची तारीख श्रावणातली घेतली आहे, म्हणजे दिवाळी आणि छठच्या रजांची यादी त्याच दोन दिवसांत सगळ्यांसमक्ष बसून करता येईल आणि पोळ्याच्या आत ती नोटीस बोर्डावर लागेल.